सोनखत ते कचरा डेपो : पुणं आणि पूर्वेकडच्या शिवाराचा दीडशे वर्षांचा हिशेब



आजची नोंद पिकावर नाही. खताची आहे, पण जरा लांबून सुरू होते. शहराचा कचरा पूर्वी कुठं जायचा, आता कुठं जातो, आणि त्यात आपल्या शिवाराचा काय संबंध, हे एकदा सलग लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. मी दौंड तालुक्यातला, खडकवासल्याच्या कालव्यावर ऊस-कांदा करणारा. शहराला पुरून उरलं की आमचं आवर्तन सुटतं, म्हणून पुण्यात काय चाललंय याकडं आमचं लक्ष आपोआप असतं. शिक्षण दहावी, पण वाचायची आवड आहे. या विषयावरचं जुनं-नवं जे हाताला लागलं ते वाचून हे मांडतोय. पोस्ट मोठी आहे, दुपारी सावलीला बसून निवांत वाचा.

१) शेतकरी पैसे देऊन न्यायचा

खडकवासल्याचं धरण १८७९ च्या सुमाराला पुरं झालं. मुठा उजवा कालवा हडपसर, मांजरी, लोणी करत पूर्वेला आला आणि त्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. ऊस हे खादाड पीक, तुम्हाला सांगायला नको. तेव्हा युरिया नव्हता, डीएपी नव्हतं. शेणखत गावात असेल तेवढंच, त्यातलंही बरंचसं गोवऱ्या होऊन चुलीत जायचं. मग एवढ्या उसाला खत आणायचं कुठून?

ते आलं पुण्यातून. तेव्हाचं पुणं शहर आणि कँप मिळून सव्वा लाख वस्तीचं. नगरपालिका १८५८ सालची. घरोघरचे संडास टोपलीचे. मैला आणि केरकचरा दोन्ही पालिकेला रोज उचलावं लागायचं. मग केरकचरा जाळून त्याची राख करायची, उथळ खड्ड्यांत मैला आणि राख एकत्र करायची आणि ते उन्हात वाळवायचं. वाळलं की वास मरतो, भुगा होतो, गाडीत भरता येतं. इंग्रज याला पूड्रेट म्हणायचे, आपल्याकडं नाव सोनखत. नावातच त्याची किंमत कळते.

१८८९ साली विलायतेहून डॉ. व्होल्कर नावाचे शेती-रसायनतज्ज्ञ हिंदुस्थानची शेती बघायला आले. त्यांचा अहवाल १८९३ ला छापला गेला. शहराचा मैला-कचरा शेतात नेण्याच्या कामात त्यांनी पुण्याचा दाखला दिलाय. सुरवातीला लोक त्या खताला शिवायला तयार नव्हते. पण शेजाऱ्याच्या उसाची जाडी दिसली आणि मागणी वाढली. कालव्याकाठचे ऊसवाले पैसे मोजून सोनखत न्यायला लागले.

आता यातली मुख्य गोष्ट बघा. माल घेणारा पैसे देत होता. ओलं, खडे-विटा भरलेलं खत कोण विकत घेईल? म्हणजे माल चांगला ठेवणं ही पालिकेचीच गरज होती. आणि बैलगाडीनं जेवढं लांब नेणं परवडतं, तेवढ्याच टापूत तो खपायचा. शहर आणि भोवतालचं शिवार यांचा हिशेब त्या गाडीच्या चाकांनी जुळवलेला होता. तेव्हा प्रादेशिक नियोजन हा शब्दही कुणाला ठाऊक नव्हता.

२) पण ते सोनं कुणाच्या डोक्यावरून आलं

जुनं ते सगळं चांगलं, असं मला म्हणायचं नाही. हा मैला माणसं टोपलीत घालून डोक्यावरून वाहायची. ते काम जातीनं बांधून दिलेलं होतं. त्या लोकांना ना दुसरं काम मिळायचं, ना गावात मान. रोगराई झाली की पहिला घाला त्यांच्यावर. उसाला स्वस्तात खत मिळालं, त्याची खरी किंमत त्या माणसांनी मोजली. देशात हे काम बंद करायचा कायदा यायला १९९३ साल उजाडलं, आणि तो पुरला नाही म्हणून २०१३ ला दुसरा करावा लागला. त्यामुळं शहरात भुयारी गटार आलं, फ्लशचे संडास आले, हे चांगलंच झालं. सोनखत बंद पडलं याचं दुःख करायचं कारण नाही. दुःख एवढंच, की शहरातून शिवारात येणारी सेंद्रिय मालाची वाट त्याच्याबरोबर बंद झाली आणि तिच्याजागी दुसरी चांगली वाट कुणी काढली नाही.

३) शास्त्र आपल्याकडंच तयार झालं होतं

दुसरी वाट माहीत नव्हती म्हणाल, तर तसंही नाही. १९२४ साली इंदूरला सर अल्बर्ट हॉवर्ड यांची पीक संशोधन संस्था सुरू झाली. काडीकचरा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती, राख यांचे थर लावायचे, ओल राखायची, आणि साधारण पंधराव्या, तिसाव्या, साठाव्या दिवशी ढीग पलटायचा. तीन महिन्यांत खत तयार. हीच इंदूर पद्धत. यावरचं पुस्तक १९३१ ला आलं. त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचं नाव आहे. हॉवर्ड सगळ्यांना माहीत, वाड कुणाला आठवत नाहीत.

त्यानंतर १९३९ च्या सुमाराला बंगलोरला डॉ. सी. एन. आचार्य यांनी खास शहरांसाठी पद्धत बसवली. चर खणायचे, त्यात शहरातला कचरा आणि मैला यांचे थर द्यायचे, वरून मातीनं झाकायचं, पलटायचं नाही. वेळ जास्त, सहा-आठ महिने, पण मजुरी कमी. दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्याची टंचाई झाली. १९४३ पासून 'अधिक धान्य पिकवा' मोहीम चालली, आणि त्या काळात बऱ्याच नगरपालिकांनी ही पद्धत उचलली. पुढं आपल्याच पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी नॅडेप टाकी दिली, ती तर निम्म्या गावांना माहीत आहे.

म्हणजे ज्ञान होतं. अडलं ते मालावर. हॉवर्ड, वाड, आचार्य यांच्यापुढं जो कचरा होता तो पाला, राख, भाजीची देठं, फार तर चिंध्या. सगळं कुजणारं. आजच्या पिशवीत काय असतं ते तुम्हीच आठवून बघा.

४) धागा तुटला कसा

चार गोष्टी पाठोपाठ झाल्या. मैला गटारात गेला. साठीच्या दशकात संकरित बियाणं आणि रासायनिक खत आलं. शेतकऱ्याला गोणी खांद्यावर टाकून नेणं सोपं वाटलं, आणि ते वाटणं चूक म्हणता येत नाही. मग बैलगाडीच्या जागी ट्रक आला, त्यामुळं कचरा वीस किलोमीटर लांब नेऊन टाकणं शहराला जमायला लागलं. शेवटी प्लास्टिक आलं आणि कुजणारं-न कुजणारं एकाच बादलीत जायला लागलं.

सरकारनं यंत्रानं वाट काढायचा प्रयत्न केला. १९७५ ते १९८० च्या दरम्यान दिल्ली, कलकत्ता, बंगलोर अशा मोठ्या शहरांत केंद्राच्या मदतीनं यांत्रिक कंपोस्ट प्रकल्प बसवले. रोजची क्षमता दीडशे ते तीनशे टन. त्यातले बहुतेक बंद पडले. कारणं सगळीकडं सारखीच. कचरा मिसळलेला, त्यात काच-दगड, यंत्राचा खर्च जास्त, खताला गिऱ्हाईक नाही. शेतकरी ते घ्यायला तयार झाला नाही.

इथं आपल्यावर ठपका येतो की शेतकऱ्यांना सेंद्रियाची किंमत नाही. पण ज्या शेतकऱ्यानं सोनखत पैसे देऊन नेलं, त्यानंच हे नाकारलं. मधल्या काळात शेतकरी बदलला नव्हता, माल बदलला होता.

५) उरुळी देवाची, १९८१

नावात गोंधळ नको म्हणून आधी सांगतो. उरुळी दोन आहेत. निसर्गोपचार आश्रमाची ती उरुळी कांचन, सोलापूर रस्त्यावर. कचऱ्याची ती उरुळी देवाची, हडपसर-सासवड रस्त्यावर, फुरसुंगीला लागून. फुरसुंगी म्हणजे मुठा कालव्याच्या पट्ट्यातलं गाव. ज्या टापूत एकेकाळी शहराचं खत विकत जायचं, तोच हा टापू.

पुणे महानगरपालिका १९५० ला झाली. शहर पसरत गेलं. पूर्वी कोथरूडला कचरा डेपो होता. कोथरूड तेव्हा शहराचा कोपरा, पुढं ते शहराच्या पोटात आलं. तिथला डेपो बंद झाला आणि त्या जागेवर आता मेट्रोचा डेपो आहे. कचऱ्यासाठी गाठली उरुळी देवाची. १९८१ पासून तिथल्या दगडखाणींच्या ४३ एकरांत शहराचा कचरा पडायला लागला. पुढं जागा वाढवून १६३ एकर झाली.

खाणीचा खड्डा भरायला सोयीचा वाटतो, पण विहीर खणणाऱ्या कुणालाही विचारा. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून आणि सांध्यांतून चालतं. सुरुंग लावलेल्या खाणीत या भेगा आणखी उघड्या झालेल्या. कचरा कुजताना जे काळं पाणी सुटतं, ते याच वाटेनं खाली उतरणार. भोवतालच्या विहिरी-बोअरचं पाणी नासलं. ज्या गावाशेजारून कालवा वाहतो, त्या गावाला प्यायच्या पाण्यासाठी महापालिकेच्या टँकरची वाट बघायची वेळ आली. वास, माश्या, भटकी कुत्री वेगळीच. सोयरीक जुळवताना 'कचरा डेपोचं गाव' ही ओळख किती नडते, हे त्या भागात पाहुणे असलेल्यांना माहीत आहे.

गावकऱ्यांनी कितीदा तरी गाड्या अडवल्या. उघड्यावर टाकणं बंद करू, अशी तारखेसकट आश्वासनं मिळाली. राष्ट्रीय हरित लवादापर्यंत प्रकरण गेलं. रोज १००० टन कचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प तिथं उभा राहिला, पण तो त्या क्षमतेनं चालला नाही. एप्रिल २०१७ मध्ये ढिगाला आग लागली आणि गावकऱ्यांनी जवळजवळ तीन आठवडे गाड्या येऊ दिल्या नाहीत. शहरात रस्त्यांवर कचरा साठला, तेव्हा पुण्यातल्या पुष्कळांना या गावाचं नाव पहिल्यांदा नीट कळलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात अकरा गावं महापालिकेत घेतली, त्यात उरुळी देवाची आणि फुरसुंगीही होती. छत्तीस वर्षं कचरा घेतल्यावर गाव शहरात आलं. त्यानंतर कर शहराचा आणि सोयी गावाच्या, अशी लोकांची तक्रार झाली. डिसेंबर २०२२ मध्ये ही दोन गावं महापालिकेतून पुन्हा बाहेर काढायचा निर्णय झाला आणि त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. जुन्या ढिगाचं बायोमायनिंग, म्हणजे उकरून, चाळून, वेगळं करणं, हे काम लाखो टनांचं आहे. टाकताना एका मिनिटात टाकलं, आता निस्तरायला वर्षं लागतायत.

६) कायदा काय म्हणत होता

१९९६ साली अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात शहरांच्या कचऱ्याबद्दल याचिका केली. त्यातून २००० सालचे घनकचरा नियम आले. कुजणारा कचरा भूभरावात टाकायचा नाही, प्रक्रियेची सोय ३१ डिसेंबर २००३ पर्यंत उभी करायची, असं त्यात साफ होतं. ती तारीख देशातल्या बहुतेक शहरांनी ओलांडली.

मग २०१६ चे नियम आले. घरातच ओला, सुका आणि घातक असे तीन भाग करायचे, असं त्यात होतं. भूभरावाची जागा नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून २०० मीटर, वस्तीपासून आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून २०० मीटर लांब हवी होती. रोज पाच टनांच्या वरच्या प्रकल्पाभोवती मोकळा पट्टा हवा होता. आणि जवळपासच्या, साधारण ५० किलोमीटरच्या टापूतल्या शहरांनी खर्च वाटून घेऊन एकच सामाईक भूभराव करावा, ही तरतूदही त्यात होती. नियोजन प्रदेशाचं हवं, एकट्या शहराचं नको, हे म्हणजे कायद्यानंच मान्य केलंय.

याच काळात पुण्यानं एक चांगली गोष्ट करून दाखवली, तीही सांगायला पाहिजे. १९९३ साली इथं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या, बहुतेक बायका. २००८ पासून त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. तीन हजारांवर माणसं यात काम करतात. सुका माल वेगळा काढून त्या विकतात, तेवढा माल ढिगावर जात नाही. सोनखताच्या काळात जे काम बिनमानाचं होतं, त्यातल्या माणसांनी इथं ओळखपत्र आणि हक्क मागितला. माझ्या मते या दीडशे वर्षांत खरी सुधारणा झाली ती इथं.

७) आराखड्यात गाव कुठं आहे

आता पुणं एकटं राहिलेलं नाही. पिंपरी-चिंचवड १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महानगरपालिका. त्यांचा डेपो मोशीला. तिथं १ ऑगस्ट २०२३ ला कचऱ्यापासून वीज करायच्या प्रकल्पाचं उद्घाटन झालं. पुनावळ्याला दुसरा डेपो करायचं आरक्षण होतं, पण तोवर तिथं सोसायट्या उभ्या राहिल्या. लोकांनी विरोध केला आणि २०२३ च्या डिसेंबरात तो बेत रद्द झाल्याचं विधानसभेत सांगितलं गेलं. उरुळीच्या शेतकऱ्यांनी अनेक वर्षं विरोध केला तरी डेपो हलला नाही. सोसायट्यांच्या मतांचं वजन जास्त भरलं.

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ ला झालं. त्याची हद्द सहा हजार चौरस किलोमीटरच्या वर. दोन महानगरपालिका, नगरपरिषदा, कँटोन्मेंट आणि शेकडो गावं त्यात येतात. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं महानगर नियोजन समितीही सांगितलेली आहे. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य शहरांतले निवडून आलेले सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांच्यातून निवडायचे, आणि ते लोकसंख्येच्या प्रमाणात.

खोच इथं आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात म्हटलं की कचरा करणाऱ्यांची मतं जास्त आणि कचरा घेणाऱ्यांची कमी, हे ठरलेलंच. २०११ च्या शिरगणतीत पुणे शहर ३१ लाखांवर, पिंपरी-चिंचवड १७ लाखांवर. त्यांच्यापुढं एका गावाचे दहा-पंधरा हजार लोक म्हणजे पिठातलं मीठ. त्यामुळं आराखडा कितीही मोठ्या हद्दीचा केला, तरी त्यातला पहिला प्रश्न 'मोकळी जागा कुठं आहे' हाच राहिला, तर उत्तर कायम आपल्या शिवाराकडंच बोट दाखवणार. नकाशावर मोकळी दिसणारी जागा म्हणजे कुणाची तरी जिरायत, गायरान किंवा पाणलोट असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. प्रश्न उलटा विचारा. या प्रदेशातलं शिवार शहराकडून काय घ्यायला तयार आहे आणि कुठल्या दर्जाचं, हे आधी ठरवा. त्यावरून शहरानं घरात काय वेगळं करायचं ते ठरेल. सोनखताच्या काळात घेणारा 'नको' म्हणू शकत होता, म्हणून माल चांगला राहिला. उरुळीला 'नको' म्हणायची सोय नव्हती, म्हणून काहीही आलं.

८) थोडा हिशेब आपल्या भाषेत

खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टचं मानक दिलेलं आहे. सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के, नत्र ०.८, स्फुरद ०.४, पालाश ०.४ टक्के. कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत. सामू ६.५ ते ७.५. क्षारता ४ च्या आत. ओलावा १५ ते २५ टक्के. किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५ मिलिग्रॅम, पारा ०.१५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

आता ०.८ टक्के नत्र म्हणजे टनाला ८ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत साधारण २०.७ किलो. म्हणजे एका गोणीच्या नत्रासाठी अडीच टनांच्या वर कंपोस्ट आणावं लागेल. नत्रासाठी म्हणून हे कुणी घेणार नाही, घ्यायचं ते कर्बासाठी. आणि एवढं वजन ७०-८० किलोमीटर ओढलं तर भाडंच मालापेक्षा जड होतं. म्हणून एकाच ठिकाणी हजार टनांचा कारखाना आपल्या कामाचा नाही. चार दिशांना लहान प्रकल्प असतील, तर ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या टप्प्यात माल येईल. बैलगाडीच्या काळातला टापूचा नियम आजही तसाच लागू आहे.

दुसरा हिशेब. पुणे शहराचा कचरा रोज दोन हजार टनांच्या वर. निम्मा ओला धरा, म्हणजे हजार टन. त्याचा पाचवा हिस्सा खत निघेल असं धरलं, तर रोज २०० टन, वर्षाला ७३ हजार टन. एकरी दोन टन टाकलं तर ३६,५०० एकरांना पुरेल. उसाच्या एवढ्या मोठ्या जिल्ह्याला हे अजिबात जड नाही. अट एकच, माल तपासलेला पाहिजे.

ही अट मी उगाच धरत नाही. दोन वर्षांमागं एका प्रकल्पाची ट्रॉली आमच्या भागात आली होती. मी पाटीभर घेऊन चाळणी मारली. काचेचे तुकडे, शाम्पूच्या पुड्या, एक ब्लेड आणि पेनची टोपणं निघाली. मी ट्रॉली परत पाठवली. काच शेतात गेली की ती आपल्या पोरांच्या आणि बैलांच्या पायांत वर्षानुवर्षं राहते. जड धातू तर दिसतही नाहीत आणि मातीतून काढताही येत नाहीत. क्षारतेचंही तसंच. कालव्याच्या टेलच्या आमच्या जमिनी आधीच चोपण व्हायला लागल्यात, त्यात खारट खत टाकलं तर सुधारण्याऐवजी बिघडायचं.

२०१६ मध्ये केंद्रानं शहरी कंपोस्टला टनामागे १५०० रुपये मदत ठरवली. रासायनिक खताच्या सहा-सात गोण्यांबरोबर कंपोस्टच्या तीन-चार गोण्या विकायच्या, असंही नियमात घातलं. आपल्या राज्यानं 'हरित महासिटी कंपोस्ट' नावानं छाप काढला. हेतू चांगला होता. पण गोणीला गोणी बांधून खत खपत नाही. दुकानदारानं लिंकिंग केलं की आपण कसे चिडतो, ते आठवा. विश्वास बसतो तो तपासणीच्या कागदावर आणि शेजारच्या पिकावर.

९) गावात हा विषय आला तर

शहर आणखी पसरणार आणि जागेचा शोध चालूच राहणार. उद्या तुमच्या ग्रामसभेत प्रस्ताव आला, तर नुसतं 'नको' किंवा नुसतं 'नोकऱ्या किती' यावर थांबू नका. माझ्या मते एवढं तरी विचारा आणि लेखी घ्या :

– कचरा घरून वेगळा होऊन येणार का? मिसळलेली गाडी गेटवरून परत पाठवायचा अधिकार गावाला करारात आहे का?

– एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या विहिरी-बोअरच्या पाण्याची तपासणी काम सुरू होण्याआधी होणार का? आधीचा रिपोर्ट नसेल तर पुढं पाणी नासलं हे सिद्ध करता येत नाही.

– रोज किती टन, किती वर्षं, आणि बंद करताना जागा पूर्ववत करायचे पैसे आज कुठल्या खात्यात बाजूला ठेवलेत?

– खताच्या प्रत्येक बॅचचा रिपोर्ट मिळणार का, आणि नापास माल कुठं जाणार?

– प्रदेशातल्या बाकीच्या गावांनी, शहराच्या बाकीच्या दिशांनी किती भार उचललाय? सगळं एकाच बाजूला का?

आणि ज्यांना शहरी कंपोस्ट घ्यायचंय त्यांनी घरच्या घरी दोन गोष्टी करा. चार मिलिमीटरची चाळणी मारा, मानकाप्रमाणं किमान ९० टक्के माल खाली पडला पाहिजे. आणि कुंडीत निम्मी माती, निम्मं कंपोस्ट घेऊन मेथी टाका. नुसत्या मातीतली मेथी शेजारी ठेवा. आठ-दहा दिवसांत खत कच्चं आहे की पक्कं ते मेथी सांगते. क्षार आणि धातूंसाठी मात्र प्रयोगशाळेचा रिपोर्टच लागतो. त्याला चाळणीचा पर्याय नाही.

तुमच्या घरात ऐंशी-नव्वदीची माणसं असतील, तर त्यांना सोनखताबद्दल एकदा जरूर विचारा. कुठून यायचं, गाडीला काय पडायचं, कोण भरून द्यायचं, हे सगळं लिहून ठेवा. आणि कृषी खात्यातले, विद्यापीठातले जे वाचक आहेत त्यांना विनंती, की शहरी कंपोस्टचे उसावरचे आणि कांद्यावरचे सलग चार-पाच वर्षांचे मातीचे रिपोर्ट शेतकऱ्यापर्यंत पोचवा. एका हंगामाच्या उताऱ्यावर आमचा निर्णय होत नाही.

पुढची नोंद खोडव्यातल्या पाचटावर.

राम राम.